इंजिन बदलू नका, उतरवून दुरुस्त करा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकात यवतमाळ जिल्ह्यातल्या एका वाचकाचे पत्र वाचले. आजोबांची दोन सीटची जुनी इंग्रजी स्पोर्ट्स कार त्यांच्या कोठ्यात उभी आहे. इंजिन जाम झाले आहे, ते उतरवणारा मिस्त्री विदर्भात सापडत नाही, म्हणून आता त्यात डिझेल इंजिन बसवून घ्यायचा त्यांचा विचार आहे. पत्र वाचल्यापासून जीव खालीवर होतो आहे. त्यांनी तसे करू नये, निदान हे पत्र वाचेपर्यंत तरी करू नये, अशी त्यांना कळकळीची विनंती. मिस्त्री आहेत. आपण त्यांना चुकीच्या ठिकाणी शोधतो.

मी देवळी तालुक्यात राहते. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते, आता घरची शेती पाहते. आमच्याकडे माझ्या सासऱ्यांची, म्हणजे मामाजींची, एमजीए १५०० आहे, एमजी कंपनीची तशीच दोन सीटची जुनी इंग्रजी स्पोर्ट्स कार. मामाजींचा कापसाचा व्यापार होता. हातात चार पैसे खेळत होते त्या काळात त्यांनी ती मुंबईहून आणली आणि हिंगणघाटच्या बाजारात ते तिच्यातूनच जात. ते गेल्यावर गाडी कोठ्यात गेली, वर कडब्याच्या पेंढ्या आल्या, आणि पुढे जे सगळीकडे होते तेच झाले. गाडी बाहेर काढली तेव्हा हँडल मारून इंजिन फिरत नव्हते. शहरातल्या एका गॅरेजवाल्याने फोटो पाहूनच सांगितले की हे आता भंगार आहे, दुसरे इंजिन टाकून देतो. किंमतही सांगितली. घरात बहुतेकांना ते पटले होते. मला पटले नाही, कारण मामाजींची गाडी म्हणजे काय, तर तिचे ते इंजिनच. पत्रा तर पुन्हा ठोकून घेता येतो.

मग पुलगावच्या एका चाचांना बोलावले. उभी हयात त्यांनी अँबेसेडरवर काढली आहे. डॉक्टरांच्या, जिनिंगवाल्यांच्या, सरकारी, भाड्याच्या, सगळ्या. त्यांनी बोनेट उघडले, वाकून डाव्या बाजूची टॅपेटची (व्हॉल्व्ह उचलणाऱ्या भागांची) झाकणे पाहिली, उजवीकडे डिस्ट्रिब्युटर कुठे बसला आहे ते पाहिले आणि म्हणाले, "मॅडम, हे तं आपल्या अँबेसेडरचंच इंजिन हाय. दोन कार्बोरेटर लावले एवढंच."

आणि ते खरे आहे. यवतमाळच्या वाचकांची गाडी कोणती हे त्यांनी लिहिले नाही, पण एमजी असेल तर ही गोष्ट त्यांच्या फार कामाची आहे. एमजीए ही गाडी १९५५ ते १९६२ या काळात इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात बनली. एक लाखाच्या वर बनल्या, त्यातल्या बहुतेक अमेरिकेला गेल्या, म्हणून आपल्याकडे त्या इतक्या कमी दिसतात. पहिल्या एमजीएमध्ये ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे बी-सिरीज इंजिन होते, १४८९ सीसीचे, बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास ७३ मिलिमीटर आणि स्ट्रोक म्हणजे पिस्टनची धाव ८८.९. बंगालमधल्या उत्तरपाड्याला बनणाऱ्या अँबेसेडरमध्ये पुढे कित्येक वर्षे जे पेट्रोल इंजिन होते तेही बी-सिरीजच, तेही १४८९ सीसी. एकाच घरातली दोन भावंडे आहेत ही. एमजीएला एसयू कंपनीचे दोन कार्बोरेटर आहेत, कॉम्प्रेशन म्हणजे सिलिंडरातले मिश्रण दाबण्याचे प्रमाण ८.३, त्यामुळे हेड आणि पिस्टन डोळे मिटून अँबेसेडरचे बसवता येत नाहीत. भाग घ्यायला जाताना जुना भाग पिशवीत घालून न्यावा आणि दुकानात कॅलिपरने मापूनच घ्यावा. पण खोलायची रीत, कुठला नट कशाच्या मागे लपलेला आहे, कुठे जोर लावायचा आणि कुठे अजिबात नाही, हे ज्याच्या हातात आहे असा माणूस विदर्भातल्या जवळपास प्रत्येक तालुक्याच्या गावी आजही बसलेला आहे. अँबेसेडर २०१४ मध्ये बंद झाली आणि त्यांच्याकडे काम येईनासे झाले. चाचा आता पंपाची इंजिने आणि फवारणीचे पंप दुरुस्त करतात.

डिझेल इंजिन टाकू नये याला भावनेपलीकडचेही कारण आहे. केंद्र सरकारने २०२१ मध्ये विंटेज वाहनांसाठी नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात राखलेली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते. तिला 'व्हीए' अक्षरांची नंबर मालिका मिळते, नव्या नोंदणीला २०,००० रुपये आणि फेरनोंदणीला ५,००० रुपये शुल्क आहे, नोंदणी दहा वर्षे चालते. रोजच्या वापराला किंवा धंद्याला ती गाडी चालत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती यांसाठी चालते. यात कळीचा शब्द 'मूळ स्वरूप' हा आहे. चासी, बॉडी किंवा इंजिनात बदल केला की तो हक्क धोक्यात आला. शिवाय इंजिन बदलायचे तर आरटीओची परवानगी घ्या, आरसीवर नवा नंबर चढवा, हे सगळे आहेच. ब्लॉकवरचा जुना नंबर आणि मामाजींच्या जुन्या नोंदणी पुस्तकातला नंबर जुळला तेव्हा आमच्या घरातला वाद मिटला.

आता प्रत्यक्ष इंजिन उतरवण्याबद्दल. हे काम घरी, गावात, आंगणात होऊ शकते. आमच्याकडे झाले. मी स्वतः त्यात होते. पाने देत होते, वही लिहीत होते आणि नंतर नंतर नटही खोलत होते.

हंगाम आधी ठरवा. मे महिन्यात आमच्याकडे लोखंडाला हात लावता येत नाही आणि पावसाळ्यात काळ्या मातीत जॅक उभा राहत नाही. आम्ही दिवाळीनंतरचे दिवस निवडले. सोयाबीन घरात आले होते आणि कापसाचा पहिला वेचा झाला होता. आंगणातली चूल आधी परसात हलवली, कारण टाकीतले जुने पेट्रोल काढायचे होते. ते इतके जुने होते, पण पेट्रोल ते पेट्रोलच.

सर्वांत आधी बॅटऱ्या. एमजीएमध्ये सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सीटच्या मागे, खाली असतात आणि बॉडीला प्लसचा अर्थ (अर्थिंगची वायर) आहे. आजचा मुलगा सवयीने मायनसला हात घालतो. इथे अर्थ प्लस आहे, तीच वायर आधी सोडायची. मग पाणी, मग इंजिनचे तेल, गिअरबॉक्सचे तेल. मग बोनेट. ते ॲल्युमिनियमचे आहे, हलके आहे, पण दोघांनी दोन बाजूंनी धरूनच बिजागऱ्या सोडायच्या, नाहीतर मागचा कोपरा पत्र्याला लागून रंग आणि पत्रा दोन्ही जाते. आम्ही ते माजघरात पलंगावर गोधडी घालून ठेवले. रेडिएटर, हवेचे फिल्टर, दोन्ही कार्बोरेटर, डायनामो हे सगळे फारसा त्रास न देता निघाले. एक्झॉस्टचे नट मात्र हलत नव्हते. चाचांनी आदल्या संध्याकाळी त्यांवर डिझेल सोडून ठेवायला लावले होते, तरी त्या नटांनी रडवलेच.

एका गोष्टीपाशी मी मुद्दाम थांबते. डॅशबोर्डवरच्या पाण्याच्या तापमानाच्या मीटरपासून एक तांब्याची केसासारखी बारीक नळी निघते आणि तिचे टोक इंजिनच्या हेडमध्ये नटाने बसवलेले असते. आत ईथर असते. नळी मोडली की ईथर उडाले आणि मीटर गेला. इंजिन उतरवताना ही नळी लक्षातच राहत नाही, कारण ती वायरीसारखी दिसते. इतक्या वर्षांत नट आणि नळी गंजून एकमेकांना चिकटलेले असतात, त्यामुळे पाना फिरवला की नटाबरोबर नळीही पिळली जाते. चाचांनी नळी डाव्या हाताच्या दोन बोटांत हलकी धरली आणि उजव्या हाताने पाना इतका कमी फिरवला की मला तो फिरलेला दिसलाच नाही. पुढे जरासा, मागे जरासा, पुन्हा गंजाचे तेल, पुन्हा पुढे जरासा. त्यांचा नातू घाई करू लागला तर म्हणाले, "पयले नळी, मंग इंजिन. इंजिन कोठी पयून नाई चाललं बे." पूर्ण दुपार त्या एका नटावर गेली. नळी सुटल्यावर त्यांनी तिचे वेटोळे केले, कापडात गुंडाळले आणि स्टिअरिंगला बांधून ठेवले. आज तो मीटर चालतो. तेलाच्या प्रेशरची नळी वेगळी, ती जाड आहे, तिची इतकी काळजी नको.

इंजिन एकटे काढावे की गिअरबॉक्ससकट, यावर आमच्याकडे बरीच चर्चा झाली. एकटे काढले तर आतले काम कमी, पण परत बसवताना क्लच प्लेटच्या भोकात गिअरबॉक्सचा शाफ्ट सरळ रेषेत घालणे महाकठीण, आणि तोवर गिअरबॉक्सला खालून जॅकचा आधार सतत हवा. शाफ्टवर वजन टांगले तर क्लच प्लेट वाकते. चाचांनी सकट काढायचे ठरवले. त्यासाठी सीटा निघाल्या, गिअरबॉक्सवरचे कव्हर निघाले, आणि पायाखालचे तळ निघाले. हे तळ एमजीएत प्लायवूडचे असतात. आमचे उधईने पोकळ केले होते, पण आकार शिल्लक होता. मी ते जपून ठेवले आणि देवळीच्या सुताराने त्यांवरूनच नवे कापले. ज्यांचे तळ सडले असतील त्यांनी ते फेकू नयेत, तेच तुमचे माप आहे. मागच्या चाकांकडे जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचे चार बोल्ट सोडण्याआधी दोन्ही फ्लँजवर (जोडाच्या चकत्यांवर) छिन्नीने एक बारीक खूण करून घ्यावी म्हणजे परत त्याच जागी बसतो. क्लचच्या सिलिंडरची नळी खोलायची गरज नाही. सिलिंडरचे बोल्ट सोडून तो बाजूला तारेने बांधून ठेवता येतो.

शाळेतली सवय म्हणून मी प्रत्येक नट-बोल्ट वेगळ्या पिशवीत घातला. पिशवीवर आतून कागदाची चिठ्ठी, कारण बाहेर लिहिलेले तेलाने पुसते. वहीत डाव्या पानावर काय काढले आणि उजव्या पानावर त्याचे चित्र. परत जोडताना ही वही मिस्त्रीपेक्षाही जास्त वेळा विचारली गेली, हे मी अभिमानाने सांगते.

आता उचलायचे. गिअरबॉक्ससकट हे धूड दोनशे किलोच्या घरात जाते. आपल्याकडे खेड्यात इंजिन कशाला टांगतात, तर घराच्या मयालीला (छताच्या तुळईला) किंवा दारच्या कडुनिंबाच्या फांदीला. मी ट्रॅक्टरची इंजिने अशी टांगलेली पाहिली आहेत आणि त्या वजनाखाली वाकलेली मयालही पाहिली आहे. सागाची असली तरी आतून उधईने खाल्लेली आहे की नाही हे बाहेरून कळत नाही. कडुनिंबाची फांदी तर वाकण्याआधी इशाराही देत नाही, तडकते. हे करू नका. माझे हात जोडून सांगणे आहे, करू नका.

त्याची गरजही नाही, कारण योग्य साधन गावातच आहे. बोअरमधली सबमर्सिबल मोटार वर काढणारी पोरे प्रत्येक गावात आहेत. त्यांच्याकडे तीन पायांची लोखंडी घोडी असते आणि चेनपुली असते. शंभरावर फूट पाइप आणि मोटार ते तिच्यावर दिवसभर ओढतात. आम्ही तीच बोलावली. फक्त बोअरवर आणि गाडीवर उभी करण्यात फरक आहे. दोन पाय गाडीच्या दोन बाजूंना आणि एक समोर असे ठेवावे लागतात, म्हणजे पाय नेहमीपेक्षा जास्त फाकतात. फाकलेले पाय वजन आल्यावर आणखी फाकू पाहतात. म्हणून तिन्ही पाय खालून एकमेकांना साखळीने बांधायचे. दोरीने नाही, साखळीने. आणि काळ्या मातीच्या आंगणात प्रत्येक पायाखाली फरशी किंवा जाड फळी हवीच, नाहीतर एक पाय रुततो आणि सगळे एका बाजूला कलंडते. चेनपुलीवर तिची क्षमता कोरलेली असते. ती एक टनाहून कमी नको. इंजिनला साखळी पुढे आणि मागे अशा दोन जागी बांधायची, म्हणजे तोंड वर आणि शेपूट खाली करता येते, कारण ते सरळ वर येतच नाही. तिरपे होऊन गिअरबॉक्स मागून सरकत सरकत बाहेर येतो.

चेन ओढणारा एकच. बोलणारा एकच. आमच्याकडे ते चाचा होते. चार बोटे उचलले की थांबायचे, सगळीकडून पाहायचे, काही राहिले का. आमच्याकडे अर्थची एक चपटी पट्टी राहिली होती, ताणली गेल्यावर दिसली. इंजिन पुरेसे वर आले की ते हलवायचे नाही, गाडी मागे ढकलायची. हे मला फार आवडले. गाडी हलकी झालेली असते, दोन माणसे सहज ढकलतात, आणि मग इंजिन हळूहळू खाली, जुन्या टायरवर. हे सगळे होईपर्यंत इंजिनखाली कोणाचा हात नको, पाय नको, राहिलेला पाना काढायला सुद्धा नको. गावात हे पाहायला पोट्ट्यांची गर्दी होते, त्यांना ओट्यावर बसवा. मी बसवले. शाळेतला आवाज कामी आला.

उतरल्यावर काय निघाले? गॅरेजवाल्याने भंगार ठरवलेल्या इंजिनात तिसऱ्या सिलिंडरच्या रिंगा गंजून चिकटल्या होत्या आणि पाण्याच्या जागेत आमच्या बोअरच्या जड पाण्याचा पांढरा क्षार बोटभर जाड साचला होता. ब्लॉकला तडा नव्हता. नागपूरला सिलिंडरचे बोअरिंग करून वीस थाऊ (इंचाचे हजारावे भाग) मोठे पिस्टन घातले, क्रँक, म्हणजे पिस्टनने फिरणारा दांडा, ग्राइंड केली, तिचे शेल, म्हणजे बेअरिंग, बदलले. इंजिनच्या मागून तेल गळायचे म्हणून ते संपले असेही त्या गॅरेजवाल्याने सांगितले होते. चाचा म्हणाले, या इंजिनला क्रँकच्या मागे रबरी सील नसतेच, तेल परत ओढणारे आटे असतात, त्यामुळे थोडे गळणे त्याच्या घडणीतच आहे. अँबेसेडरवाले हे सगळे जाणतात. आता रेडिएटरमध्ये आम्ही बोअरचे पाणी घालत नाही.

खर्च नव्या डिझेल इंजिनाहून कमी झाला हे खरे. तरी माझा मुद्दा तो नाही. अँबेसेडरच्या मिस्त्र्यांची पिढी आता साठीच्या, सत्तरीच्या पुढे गेली आहे. चाचांचा नातू या कामात पहिल्यांदा त्यांच्या शेजारी उभा राहिला आणि परत जोडताना टॅपेट त्यानेच सेट केले. अशी गाडी आपल्या जिल्ह्यात एखादीच असते. ती शहरात पाठवली की शिकायची ती संधीही तिच्याबरोबर जाते. यवतमाळ, वर्धा, अमरावती, जिथे कुठे कोठ्यात अशी गाडी असेल, तिथल्या लोकांनी आधी आपल्या तालुक्यातला अँबेसेडरचा मिस्त्री शोधावा, मग मोठ्या गॅरेजचा नंबर फिरवावा.

माझा पत्ता आपल्या कार्यालयात आहे. यवतमाळच्या वाचकांना तो जरूर द्यावा. माझी वही त्यांना हवी असेल तर झेरॉक्स काढून पाठवीन, चाचांनाही विचारून ठेवले आहे, ते यायला तयार आहेत. जागेअभावी पत्र कापावे लागले तर मामाजींचा आणि गाडीच्या इतिहासाचा भाग खुशाल काढा. घोडीचे पाय साखळीने बांधण्याचे आणि इंजिनखाली हात-पाय न घालण्याचे मात्र पूर्ण छापा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
ता. देवळी, जि. वर्धा